जुना फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक घेण्यापूर्वी : पाहणी, कागदपत्रे आणि निर्णय

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक पाहायला गेलेला नवखा माणूस बहुधा सर्वांत आधी बॉनेट उघडायला लावतो, इंजिन सुरू करायला सांगतो आणि त्याचा आवाज ऐकून अर्धाअधिक निर्णय घेऊन टाकतो. हा क्रम नेमका उलटा आहे. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, वायरिंग नव्याने घालता येते. परंतु आतून गंजाने पोखरलेली चासी (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा) आणि सदोष कागदपत्रे या दोन गोष्टी निस्तरणे एक तर अशक्य असते, नाहीतर ट्रकच्या किमतीपेक्षाही महाग पडते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. पहिल्या दोन टप्प्यांसाठी तर ट्रकजवळ जाण्याचीही गरज नाही.

या लेखात ट्रक म्हणजे साधारणपणे 1940 ते 1980 च्या दशकांत बनलेली, स्वतंत्र चासीवर बॉडी बसवलेली आणि पोलादी पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) सस्पेन्शनवर चालणारी वाहने : विलिस जीप आणि विलिसचे पिकअप, लँड रोव्हरची सिरीज मॉडेले, डॉज पॉवर वॅगन, टोयोटा लँड क्रूझरची 40 मालिका, इंटरनॅशनल स्काउट आणि त्या काळातील फोर्ड व शेव्हरोलेचे फोर-बाय-फोर पिकअप.

1. हा ट्रक नेमका कशासाठी हवा आहे, ते आधी लिहून काढा

ही वाहने लष्करासाठी आणि शेतीसाठी बनलेली होती. दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी जीपच्या 2.2 लिटर इंजिनाची ताकद 60 अश्वशक्ती होती. 1946 साली नागरी बाजारात आलेला डॉज पॉवर वॅगन हा युद्धकाळातील लष्करी ट्रकवरूनच घडवलेला होता, आणि त्याच्या काही गाड्यांत डिफरन्शियलचे (शाफ्टची फिरकी दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीचे) गुणोत्तर 5.83 होते; म्हणजे चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्टला जवळजवळ सहा फेऱ्या माराव्या लागत. चिखलातून ओझे ओढायला हे गुणोत्तर उत्तम आहे, पण त्याच कारणाने महामार्गावर हा ट्रक ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास इंजिनाचा पूर्ण जोर खर्च करतो. पॉवर स्टिअरिंग नाही, अनेक गाड्यांत सीटबेल्ट नाहीत, ब्रेक ड्रमचे आहेत आणि अपघातात धक्का शोषून घेणारी आधुनिक रचना मुळीच नाही.

त्यामुळे रोज कामावर जाण्यासाठी, लहान मुलांना नेण्या-आणण्यासाठी किंवा घरातील एकमेव वाहन म्हणून असा ट्रक घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. कच्च्या वाटांवरचा अधूनमधूनचा प्रवास, शेतावरची किंवा डोंगराळ जागेवरची कामे, आणि स्वतःच्या हाताने दुरुस्ती करण्याची खरी आवड, यांपैकी निदान एक कारण तुमच्या यादीत असायला हवे. त्याच कागदावर ट्रक ठेवण्याच्या जागेची लांबी-रुंदी-उंचीही लिहा. पहिल्या लँड रोव्हरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर 80 इंच होते, पॉवर वॅगनचे 126 इंच. छप्पर नसलेल्या जागेत जुना पत्रा किती झपाट्याने खराब होतो, हे एका पावसाळ्यातच दिसून येते.

2. मॉडेल आवडण्याआधी त्याचे सुटे भाग शोधा

लँड रोव्हरची सिरीज मॉडेले 1948 पासून 1985 पर्यंत बनत राहिली आणि त्यांचे बहुतेक सुटे भाग आजही नवे बनतात. जस्ताचा मुलामा दिलेली संपूर्ण नवी चासीदेखील मिळते. जुन्या विलिस जीपच्या बाबतीतही परिस्थिती चांगली आहे. टोयोटाच्या 40 मालिकेचे यांत्रिक भाग मिळतात, मात्र बॉडीचे मूळ भाग मिळाले तरी महाग असतात. कमी संख्येने बनलेल्या लष्करी ट्रकांचे इंजिनाचे भाग कधी कधी सहज मिळतात आणि काचेभोवतीचे रबर मात्र कुठेही मिळत नाही. ही विसंगती ट्रक घेतल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

यासाठी एक सोपी कसोटी आहे. मॉडेल ठरवण्यापूर्वी ब्रेकचा व्हील सिलिंडर, क्लच प्लेट, वॉटर पंप, ट्रान्सफर केसचे (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला देणाऱ्या पेटीचे) बेअरिंग आणि समोरच्या काचेचे रबर, या पाच वस्तूंची चौकशी विक्रेत्यांकडे करा. किंमत विचारा आणि किती दिवसांत मिळेल तेही विचारा. पाचपैकी तीन वस्तूंना निश्चित उत्तर मिळत नसेल, तर ते मॉडेल पहिला ट्रक म्हणून घेऊ नका.

येथेच एका सापळ्याबद्दल सावध करतो. सुटा केलेला, खोक्यांत भरलेला ट्रक 'सगळे भाग आहेत, फक्त जोडायचे आहेत' असे सांगून स्वस्तात दिला जातो. सगळे भाग तेथे आहेत की नाहीत हे तो ट्रक पूर्वी अनेकदा जोडलेला माणूसच ओळखू शकतो. नवख्याने असा ट्रक घेऊच नये.

3. कागदपत्रे ट्रकच्या आधी तपासा

विक्रेत्याकडून पुढील कागदांच्या प्रती आधी मागवा आणि मूळ प्रती प्रत्यक्ष भेटीत पाहा :

- विक्रेत्याच्याच नावावरील नोंदणीपत्र
- आधीच्या खरेदी-विक्रीच्या पावत्या किंवा करारपत्रे
- कर, दंड आणि कर्जाचा बोजा बाकी नसल्याचा पुरावा
- आयात केलेला ट्रक असल्यास सीमाशुल्क भरल्याचे कागद
- लष्करी ट्रक असल्यास तो सेवेतून काढून विकल्याचा दाखला
- इंजिन किंवा चासी बदललेली असल्यास त्या बदलाची अधिकृत नोंद

यानंतर कागदावरील चासी क्रमांक धातूवरील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. केवळ रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर विसंबू नका, कारण पट्टी काढून दुसरीकडे लावता येते. चासीवर ठोकलेला क्रमांक शोधा, तारेच्या ब्रशने त्यावरचा मळ काढा आणि त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा. खऱ्या क्रमांकाचे ठसे सारख्या खोलीचे असतात आणि भोवतालच्या धातूवर जुन्या गंजाची बारीक दाणेदार खळी दिसते. क्रमांकाभोवतीचा भाग गुळगुळीत घासलेला असेल, किंवा तेवढ्याच चौकोनात वेल्डिंगची कड लागत असेल, तर पुढचा एकही प्रश्न न विचारता परत फिरावे.

जुन्या वाहनांविषयीचे नियम देशागणिक आणि काही ठिकाणी शहरागणिकही बदलतात. कोठे ठरावीक वयानंतर वाहन चालवण्यास बंदी असते, कोठे जुन्या वाहनांना धुराच्या चाचणीतून सूट असते. अमेरिकेत 25 वर्षांहून जुने वाहन आयात करताना तेथील सुरक्षा-मानकांची अट लागू होत नाही. तुम्ही राहता तेथील नोंदणी कार्यालयात हा विशिष्ट वर्षाचा, विशिष्ट प्रकारचा ट्रक तुमच्या नावावर होईल का, हे विचारून उत्तर शक्यतो लेखी घ्या. विमा कंपनीलाही त्याच वेळी विचारा. सर्वसाधारण विम्यात जुन्या वाहनाची किंमत घसाऱ्याने जवळपास शून्यावर येते. आधी ठरवलेल्या मूल्यावरचा विमा मिळत असेल तरच त्याला अर्थ आहे.

'कागद नंतर करून देतो' या वाक्यावर व्यवहार करू नये. कागद मिळणे खरोखर सोपे असते, तर जास्त किंमत मिळवण्यासाठी विक्रेत्याने ते आधीच केले असते.

4. पाहणीला जाताना काय न्यावे

जुने कपडे, जमिनीवर अंथरायला जाड कापड, डोक्याला बांधायची टॉर्च, लहान हातोडी, मोठा स्क्रू-ड्रायव्हर, कापडात गुंडाळलेले लोहचुंबक, तारेचा ब्रश, मोजपट्टी, लहान आरसा, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे साधन), वही आणि मजबूत स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कधीही शिरू नका. शक्य असेल तर त्याच मॉडेलवर काम केलेला मेकॅनिक सोबत घ्या. त्याची दिवसभराची मजुरी ही या खरेदीतील सर्वांत फायद्याची रक्कम ठरते.

5. चासी : निम्मा वेळ येथेच द्या

ट्रकखाली शिरण्यापूर्वी थोडे दूर उभे राहून तो समोरून आणि मागून पाहा. एका बाजूला झुकलेला असेल तर पाटे बसलेले असू शकतात किंवा चासी वाकलेली असू शकते. दारांभोवतीच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का तेही पाहा.

आता खाली जा. लँड रोव्हरची चासी ही पोलादी पट्ट्या वेल्ड करून बनवलेली बंद पेटीसारखी असते. आत गेलेला चिखल आणि पाणी तेथेच साचते, आणि त्यामुळे ती आतून बाहेर गंजते. बाहेरचा रंग शाबूत दिसत असताना आतला पत्रा कागदाइतका उरलेला असू शकतो. हातोडीने हलके ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. निरोगी पोलाद खणखणीत वाजते. गंजलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि बहुधा आतून गंजाची खपली सुटून खाली पडल्याची खसखस ऐकू येते. अशा प्रत्येक जागी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जोर देऊन टेकवा. विक्रेता यास हरकत घेत असेल, तर ती हरकत हेच तुमचे उत्तर समजा.

विशेष लक्ष देण्याच्या जागा म्हणजे पाटे जिथे टांगलेले असतात ते ब्रॅकेट, सर्वांत मागचा आडवा जोड, बॉडीला आधार देणारे बाजूचे हात आणि पुढच्या पाट्यांच्या वरची चासीची टोके. इंजिन आणि चालक यांच्यामधला बल्कहेड लँड रोव्हरमध्ये पोलादी असतो. त्याचे पायाखालचे भाग आणि दाराचे खांब चटई उचलून तपासा. उर्वरित बॉडी बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असल्याने ती तांबूस गंजत नाही, आणि त्यामुळे 'याला गंज लागतच नाही' असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ॲल्युमिनियम जिथे पोलादाला टेकते, तिथे ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते. दाराच्या खालच्या कडेशी रंगाचा फुगवटा नखाने दाबला की तो फुटून आतून पांढरी भुकटी निघते. या गाड्यांच्या बॉडीवर लोहचुंबकाचा उपयोग नाही, हेही लक्षात ठेवा.

टोयोटा आणि अमेरिकी ट्रकांच्या पोलादी बॉडीवर मात्र लोहचुंबक फिरवावाच. तो जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. टोयोटाच्या 40 मालिकेत मागच्या चाकांभोवतीचा आणि मागच्या दारांच्या खालचा पत्रा आधी पाहा. अनेक अमेरिकी पिकअपांची चासी उघड्या खोबणीच्या आकाराची असते, त्यामुळे गंज लपत नाही. तिथे भेगा शोधायच्या असतात. स्टिअरिंग बॉक्स जिथे बसवलेला असतो ती जागा आणि रिव्हेटभोवतीचा भाग ब्रशने घासून, टॉर्च तिरपी धरून पाहा. केसाएवढी भेगही सोडू नका.

खालून नुकताच फासलेला काळा जाड डांबरी लेप हा या बाजारातला सर्वांत सामान्य सापळा आहे. तो गंजावर फासला की ओलावा आतच कोंडतो आणि गंज आणखी वाढतो, शिवाय पाहणाऱ्याला काही दिसत नाही. ताज्या लेपापेक्षा तेलकट, मळकट, पण उघडी, स्पष्ट दिसणारी चासी मला कधीही अधिक विश्वासार्ह वाटते. पत्र्याच्या ठिगळावर ठिगळ असेल, तर खालचे ठिगळ का फसले याचा विचार करा.

शेवटी दोन्ही बाजूंच्या पाट्यांच्या टांगण्यांमधील तिरकी अंतरे मोजा. दोन्ही कर्णांत स्पष्ट फरक आढळला तर चासी वाकलेली आहे.

6. इंजिन : थंड असतानाच पाहा

पोहोचल्याबरोबर इंजिनाला हात लावा. ते कोमट असेल तर विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवले आहे. ते पूर्ण थंड होईपर्यंत थांबा, कारण सुरू होण्याचा त्रास आणि झिजलेल्या बेअरिंगची खडखड थंड इंजिनातच उघड होते. तेलाच्या पट्टीवर दुधाळ थर असेल तर तेलात पाणी मिसळते आहे. सुरू केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन जास्त जाते आहे, आणि गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळते आहे. कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडर मोजा. आकडा किती आहे यापेक्षा सर्व आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत आहेत का हे अधिक महत्त्वाचे आहे. ऑइलचा दाब मात्र इंजिन चांगले गरम झाल्यावर पुन्हा पाहावा.

इंधनाचा एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. ही पेट्रोल इंजिने शिसेयुक्त इंधनाच्या काळातली आहेत. शिशाविना सतत जोरात चालवल्यास जुन्या व्हॉल्व्ह-सीट (व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या कडा) झिजू शकतात, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील गॅस्केट खराब होतात. कठीण धातूच्या सीट बसवल्या आहेत का आणि नळ्या बदलल्या आहेत का, हे विचारा. यातील काहीही केलेले नसले तरी ट्रक नाकारण्याचे कारण नाही. तो खर्च हिशोबात धरावा.

7. चारही चाके खरोखर ओढतात का

या काळातील बहुतेक ट्रकांत पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये मधले डिफरन्शियल नसते. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबची वाट कापावी लागते. पकड असलेल्या कोरड्या रस्त्यावर हा फरक भरून निघायला जागा नसते आणि शाफ्ट, गिअर व ॲक्सल यांवर पीळ साठत जातो. म्हणून फोर-व्हील-ड्राइव्हची चाचणी माती, खडी किंवा गवतावरच घ्या. कोणी डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून गोल फिरवून दाखवू लागला, तर त्याला थांबवा. त्या ट्रकला आजवर कसे वागवले गेले असेल याचाही अंदाज त्यातून येतो.

लिव्हरची पद्धत आधी समजून घ्या. सिरीज लँड रोव्हरमध्ये पिवळ्या मुठीचा लिव्हर खाली दाबला की हाय रेंजमध्ये (नेहमीच्या वेगात) फोर-व्हील लागते, आणि लाल मुठीचा लिव्हर लो रेंजसाठी (कमी वेग, जास्त ओढ) असतो. पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब (चाक ॲक्सलपासून सोडवता किंवा त्याला जोडता येणारे हब) असतील तर ते लॉक केल्याशिवाय लिव्हर लावूनही पुढची चाके ओढणार नाहीत. हबची तपासणी अशी करा : ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये ठेवून पुढचे एक चाक उचला, दोन्ही हब लॉक असताना चाक हाताने फिरवले की पुढचा शाफ्ट फिरला पाहिजे, आणि फ्री केल्यावर तो स्थिर राहिला पाहिजे. नंतर दुसऱ्या बाजूला हेच करा.

मोकळ्या जागेत लो रेंजमध्ये थोडा वेग घेऊन ॲक्सिलरेटर एकदम सोडा. लिव्हर आपोआप बाहेर उडत असेल तर ट्रान्सफर केस किंवा गिअरबॉक्समध्ये झीज आहे. दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचे तेल बोटांवर घेऊन उजेडात पाहा. बारीक काळी भुकटी जुन्या तेलात असतेच, परंतु चमकणारे तुकडे दिसले तर दात तुटत आहेत. पुढच्या ॲक्सलच्या टोकाचे, चाक जिथे वळते त्या सांध्याचे गोलाकार स्विव्हल हाउसिंग ज्या ट्रकांत उघडे दिसते, तिथे त्यावरच्या क्रोमला खड्डे पडले आहेत का ते पाहा. खड्डे सील कापतात, आणि नवे सील घालूनही तेल गळत राहते.

8. ब्रेक, स्टिअरिंग, टायर

1960 च्या दशकापर्यंतच्या अनेक ट्रकांत ब्रेकची एकच हायड्रॉलिक वाट असते, म्हणजे एका चाकाची नळी फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. पेडल जोराने दाबून मिनिटभर धरून ठेवा. ते हळूहळू खाली बसत असेल तर ट्रक चालवून पाहू नका. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

टायरवर बनण्याचा आठवडा आणि वर्ष चार आकडी कोडमध्ये असते. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांवरचे टायर बदलायचेच आहेत असे धरा. लष्करी ट्रकांत अनेक तुकड्यांची रिम असेल, तर त्यात हवा भरताना कडे उसळून जीव जाऊ शकतो. ते काम सुरक्षा-पिंजरा असलेल्या जाणकारानेच करावे.

9. वायरिंग

बॅटरी 6, 12 की 24 व्होल्टची आहे आणि अर्थिंग कोणत्या टोकाला आहे हे पाहा; 1967 च्या सुमारापर्यंतच्या लँड रोव्हरमध्ये धन टोक चासीला जोडलेले असे. कडक होऊन तडकलेल्या तारा दिसल्या तर संपूर्ण वायरिंग नव्याने करण्याचा खर्च धरा. एवढे पुरे.

10. हिशोब करा आणि एक रात्र जाऊ द्या

वहीतील प्रत्येक दोष तीन गटांत मांडा : रस्त्यावर येण्याआधी करावे लागणारे, पहिल्या वर्षात करायचे, आणि तसेच ठेवता येणारे. पहिल्या दोन गटांचा खर्च प्रत्यक्ष चौकशी करून लिहा आणि त्यात आणखी निम्मी रक्कम मिळवा, कारण गंजलेला एक बोल्ट तुटला की एका कामाची तीन कामे होतात. ही एकूण रक्कम आणि मागितलेली किंमत मिळून त्याच मॉडेलच्या चांगल्या, चालत्या ट्रकच्या किमतीहून जास्त होत असेल, तर तो चांगला ट्रकच शोधावा. दोन समान किमतीचे ट्रक समोर असतील, तर नवा चकचकीत रंग दिलेल्यापेक्षा मूळ फिकट रंगाचा, नियमित चालणारा आणि दुरुस्तीच्या पावत्या जपलेला ट्रक मी निवडेन.

चासी किंवा कागद यांपैकी एकातही गंभीर दोष असेल, तर हिशोब करण्याची गरजच नाही. असा ट्रक सुट्या भागांसाठी घ्यायचा असेल तर त्याच भावाने घ्यावा.

11. सौदा आणि पहिला आठवडा

विक्रीच्या करारपत्रात चासी आणि इंजिन क्रमांक, मीटरवरचा आकडा, माहीत असलेले दोष आणि सोबत मिळणाऱ्या सुट्या भागांची यादी लिहून घ्या. तोंडी कबूल केलेले जादा चाक किंवा छताचे कापड हमखास मागे राहते. पूर्ण रक्कम मूळ कागद हातात आल्यावरच द्या.

ट्रक चालवत घरी आणू नका, मालवाहू गाडीवर चढवून आणा. पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे तेल बदला, ब्रेकच्या सर्व रबरी नळ्या आणि ब्रेक-ऑइल बदला, कूलंट काढून नवे भरा आणि प्रत्येक ग्रीस-निपलमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस भरा. त्यानंतर घराजवळच्या मोकळ्या वाटेवर छोटी फेरी मारा, परत आल्यावर चारही ब्रेक-ड्रमजवळ हात नेऊन कोणता जास्त तापला आहे ते पाहा, आणि खाली रात्रभर पुठ्ठा अंथरून ठेवा म्हणजे कोणत्या ठिकाणाहून तेल गळते ते सकाळी कळेल.